रेडिओचे बटण आणि खेळाची दांडी

हिंगणी हे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. अशा गावातल्या मुलांना आज खेळांची नावे विचारा. कबड्डी आणि विटीदांडूच्या जोडीला पडद्यावरच्या खेळांची नावे निघाली, तर नवल मानू नका. हे खेळ खेळताना दोन्ही हातांत धरायचे एक लहान यंत्र असते. त्याला कंट्रोलर म्हणतात. त्यावर अंगठ्याने हलवायची एक आखूड दांडी असते. ती उजवीकडे कलवली की पडद्यावरचा गडी उजवीकडे धावतो. सोडली की थांबतो. परंतु पुष्कळ वापरानंतर ह्या दांडीला एक खोड लागते. अंगठा काढून घेतला तरी गडी आपला एकीकडे सरकतच राहतो!

आता तुम्ही म्हणाल, पोरांच्या खेळण्याचे हे पुराण इतिहासाच्या भाषणात कशाला? कारण असे, की ह्या दांडीच्या पोटातला जो भाग झिजतो, तो आपल्या खेड्यांना मुळीच नवा नाही. तो रेडिओबरोबर आपल्याकडे आला.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुढे १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे चालवली. एका रेडिओसंचाभोवती गावकरी जमत, भाषण ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्या काळच्या संचावर आवाज कमीजास्त करणारे एक गोल बटण असे. जुने झाले की ते फिरवताना खरखर व्हायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बटणाच्या आत कार्बनचा लेप दिलेली एक अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक चिमुकली जीभ घासत फिरते. जीभ पट्टीवर जेथे टेकेल, त्या मानाने विजेला अडथळा कमी किंवा अधिक होतो. पट्टीवर धूळ बसली वा लेप झिजला, की खरखर आलीच.

खेळाच्या दांडीत अशाच दोन पट्ट्या असतात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. दांडीला पुन्हा मध्यावर आणायला स्प्रिंग असते. लेप झिजला किंवा स्प्रिंग सैल पडली म्हणजे दांडी मध्यावर असूनही यंत्राला ती कललेली वाटते. रेडिओची खरखर आणि गड्याचे सरकणे, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

ह्या दोन वस्तूंची सोयरीकही जुनीच. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्यात चेंडू कोणत्या कोनात मारावयाचा, हे एका फिरत्या बटणानेच ठरे. अंगठ्याची दांडी घरोघर पोहोचली ती १९९६ नंतर, निन्टेंडो आणि सोनी ह्या जपानी कंपन्यांच्या यंत्रांबरोबर. २०१७ साली निन्टेंडोने ‘स्विच’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या दांड्या सरकत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१९ साली अमेरिकेत दावा दाखल झाला आणि २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांची क्षमा मागितली.

ह्या दुखण्यावर इलाज नव्हता असे नाही. लोहचुंबकाने विजेच्या प्रवाहावर होणारा परिणाम एडविन हॉलने १८७९ सालीच दाखवून दिला होता. त्या तत्त्वावरच्या दांडीत पट्टीवर काही घासत नाही, म्हणून पट्टी झिजण्याचा प्रश्नच उरत नाही. सेगा कंपनीने १९९८ साली अशी दांडी वापरलीही. तरी पुढे बहुतेक यंत्रांत घासणारी पट्टीच राहिली.

मग बिघडलेल्या दांडीचे करायचे काय? प्रथम यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन दांडीचा मध्य पुन्हा नेमून द्यावा. कधी कधी एवढ्यानेच भागते. न भागले तर वीज बंद करून दांडीच्या बुडाशी हवा मारावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडावेत, दांडी गोल फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. धूळ असेल तर गुण येतो. लेपच झिजला असेल तर दांडी बदलणे भाग. ‘स्विच’ची दांडी चपट्या पट्टीने जोडलेली असते, पेचकस असला की ती निघते. इतर पुष्कळ कंट्रोलरांत मात्र दांडीचे चौदा डाग सोडवून पुन्हा द्यावे लागतात. ते काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराचे. आणि एक सांगून ठेवतो, आतल्या बॅटरीला टोचाटोची करू नये. ती पेट घेऊ शकते.

पण खरा प्रश्न पेचकसाचा नाही. वस्तू घेणाऱ्याला ती उघडता यावी, तिचा सुटा भाग मिळावा आणि दुरुस्ती परवडावी, हा हिशेब वस्तू घडवतानाच केला पाहिजे. हा विचार आपल्याकडे फार आधी मांडला गेला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी, की किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे वर्षाला फार तर साडेसात रुपये! बक्षीस कोणालाच मिळाले नाही. परंतु दुरुस्तीचा खर्च यंत्र घडवणाऱ्याने आधी मोजावा, हा दंडक तेव्हाच लिहिला गेला.

वर्ध्याच्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय ग्रामोद्योगांच्या ह्याच परंपरेतले. साध्या चरख्याची माळ तुटली वा चाती वाकली, तर कातणारी बाई ते घरीच नीट करी. तिला कोणाची परवानगी काढावी लागत नसे. आज ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत तीच मागणी पुन्हा उभी राहिली आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही आहेत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिकवण्याची नई तालीम तेथून पुढे आली. तिला शोभेल असा एक धडा ह्या निकामी दांडीत आहे. एखादी मोडकी दांडी किंवा जुन्या रेडिओचे बटण वर्गात आणा, मुलांसमोर उघडा आणि ती काळी पट्टी दाखवा. विजेचा अडथळा म्हणजे काय, हे फळ्यावर सांगून कळते त्याहून लवकर कळेल. आणि बिघडलेली वस्तू फेकण्याआधी उघडून पाहावी, ही सवय एकदा बोटांना लागली, की उद्या शेतातला पंप बंद पडला तरी त्या मुलाचा हात कपाळाकडे जाणार नाही, पेचकसाकडे जाईल.