विरघळण्याचं पुण्य

मध्यंतरी एका ओळखीच्या घरी फ्रिजवर डकवलेला एक कागद पाहिला. हिरव्या शाईत 'विद्राव्य तंतू : पोटाला सौम्य', लाल शाईत 'अविद्राव्य तंतू : टाळा'. हिरव्या रकान्यात ओट, सफरचंद, राजमा, कांदा, लसूण. लाल रकान्यात गव्हाचा कोंडा, ज्वारी, बाजरी. घरातल्या वहिनींचं पोट वर्षानुवर्षं नाजूक. त्यांनी कागदाबरहुकूम भाकरी बंद करून राजमा धरला होता, आणि पोट पूर्वीपेक्षा जास्तच फुगतंय म्हणून कागद आणखी काटेकोर पाळायला घेतला होता.

या कागदामागचं मत आज आहारतज्ज्ञांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे आहे: पाण्यात विरघळणारा चोथा नाजूक पोटाला मानवतो, न विरघळणारा बोचतो. मला ते चुकीचं वाटतं. पण ते अडाण्यांचं मत नाही, म्हणून पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा.

त्याची सुरुवात कोंड्यापासून होते. डेनिस बर्किट हा आयर्लंडचा शल्यविशारद युगांडात बरीच वर्षं होता. तिथल्या खेड्यांतल्या माणसांचा मळ भरपूर आणि लवकर पडणारा, इंग्लंडमधल्यांचा थोडा आणि रेंगाळणारा, असं त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली मोजून मांडलं आणि पाश्चात्त्यांच्या पुष्कळ रोगांचं खापर चोथा काढून टाकलेल्या अन्नावर फोडलं. मग पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर कोंडा हे उत्तर झालं. आपल्याकडे कोंड्याचा मांडा गरिबीपायी करत. तिकडे खात्यापित्या घरांतून तो औषध म्हणून होऊ लागला. १९९४ साली मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं आयबीएसच्या, म्हणजे चिडक्या आतड्याच्या, शंभर रुग्णांना सरळ विचारलं. कोंड्यानं त्रास वाढला असं ५५ टक्क्यांनी सांगितलं. फायदा झाला म्हणणारे अवघे १० टक्के. पुढे २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांना बारा आठवडे इसबगोल, कोंडा किंवा नुसतं तांदळाचं पीठ देऊन पाहिलं. इसबगोलवाल्यांना पहिल्याच महिन्यात फरक पडला. कोंडावाल्यांच्या तक्रारींची तीव्रता पिठावाल्यांइतकीच राहिली आणि त्यांच्यातलेच लोक जास्त गळाले, बरेचसे त्रास वाढला म्हणून. त्यानंतर अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या शिफारशींत विद्राव्य तंतू द्यावेत, अविद्राव्य देऊ नयेत, असं लिहून टाकलं.

कोंड्याची सक्ती संपली, हे चांगलंच झालं. इथवर माझं भांडण नाही.

घसरण पुढच्या पायरीवर आहे. इसबगोल लागू पडला, कोंडा पडला नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. इसबगोल विद्राव्यांत मोजतात, कोंडा अविद्राव्यांत, म्हणून सगळं विद्राव्य सौम्य आणि सगळं अविद्राव्य जाचक, असा निष्कर्ष काढला गेला. दोन उदाहरणांवरून दोन जाती ठरवल्या. आपल्या नैयायिकांसमोर असं लक्षण मांडलं असतं, तर त्यांनी त्यात अतिव्याप्ती (नको त्यालाही लागू पडणं) आणि अव्याप्ती (हवं ते बाहेर राहणं) दोन्ही दोष दाखवून ते तिथंच मोडीत काढलं असतं.

अतिव्याप्ती आधी. कांदा-लसणातलं फ्रुक्टान पाण्यात उत्तम विरघळतं. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिनही त्याच कुळातलं, आणि 'फायबरयुक्त' बिस्किटांत, पेयांत विद्राव्य तंतू म्हणून तेच घालतात. राजमा, हरभरा, तूर यांतल्या रॅफिनोज गटातल्या साखरा तर इतक्या विरघळतात, की कडधान्य भिजवलेलं पाणी फेकलं की त्यांतला काही भाग पाण्याबरोबर जातो. यांतलं काहीच माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात पोहोचलं की तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. धडधाकट पोटाला हे एरवी कळतही नाही; चिडक्या आतड्याला तेवढाच ताण कळ म्हणून जाणवतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा झटपट आंबणाऱ्या पदार्थांची मोट 'फॉडमॅप' या नावाखाली बांधली, तिच्यात हे सगळे बसतात. म्हणजे वहिनींच्या हिरव्या रकान्यात निम्मे आरोपी निर्धास्त बसले होते.

यावर कुणी म्हणेल, त्या साखरांना तंतू का म्हणता? न म्हणा. तंतू मोजण्याच्या रूढ पद्धतीत मद्यार्क घालून जे खाली बसतं ते तोलतात. लहान रेणू वर विरघळलेलेच राहतात आणि तोलात येत नाहीत. पण मग पोट ज्यानं फुगतं, ते ज्या कोष्टकाला दिसतच नाही, त्या कोष्टकावर विसंबून पोट कसं सांभाळणार?

आता अव्याप्ती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांची जी कोष्टकं काढली, त्यांत विद्राव्य आणि अविद्राव्य तंतू वेगळे दिलेत. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम चोथा, त्यातला विद्राव्य दोन ग्रॅमही नाही. गव्हाच्या आट्याचे आकडेही जवळपास असेच. कोष्टकाच्या दृष्टीनं ही दोन धान्यं सख्खी भावंडं. प्रत्यक्षात पोळीनं पोट जड होतं, भाकरी हलकी पडते, असं सांगणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. कोष्टकाला न उमगलेला फरक त्यांना कळतो, कारण गव्हात फ्रुक्टान आहे आणि ज्वारीत ते नावापुरतंच. कोंड्याचंही तेच. गव्हाच्या कोंड्यातसुद्धा फ्रुक्टान असतंच, तेव्हा मँचेस्टरच्या रुग्णांना नडलं ते न विरघळणं की झटपट आंबणं, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही.

मेलबर्नलाच एका लहानशा चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना फॉडमॅप कमी असलेल्या जेवणासोबत उसाच्या चिपाडाची पूड दिली. आपल्या कारखान्यांतून बॉयलरखाली जाते ती चिपाडं! चोथा जवळजवळ सगळा अविद्राव्य. आराम जो पडला होता तो ढळला नाही. याचा अर्थ सगळ्यांनी उद्यापासून चिपाड खावं असा नाही. न विरघळणं हा मुळात दोष नव्हे, एवढंच.

मग इसबगोल का चालतो? विरघळतो म्हणून नव्हे. पेल्यात टाकून पाहा: साखरेसारखा तो नाहीसा होतच नाही, फुगून बुळबुळीत लगदा होतो. पाणी धरून ठेवतो आणि जिवाणूंना फारशी दाद देत नाही, म्हणून तो लगदा शेवटपर्यंत टिकतो. कोरडा मळ त्यानं मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. एकच भुशी बद्धकोष्ठाला आणि जुलाबाला दोन्हीकडे कशी देतात, याचं उत्तर हेच. इन्युलिनही विद्राव्यच, पण त्याचा लगदा होत नाही आणि ते लगेच आंबतं. ही जोडी एकत्र दिली तर? नॉटिंगहॅममध्ये आयबीएसच्या काही रुग्णांना इन्युलिनसोबत इसबगोल देऊन एमआरआयनं पाहिलं, तेव्हा आतड्यातला वायू नुसत्या इन्युलिनच्या मानानं कमी भरला. दोन विद्राव्य तंतू, आणि एक दुसऱ्याचा उतारा.

सब्जा, बाळंतिणीच्या लाडवातले अळीव, भेंडीची तार ही सगळी त्याच बुळबुळीची रूपं. आपल्याला बुळबुळीत आणि चरचरीत यांतला फरक जिभेलाच कळत होता. विचारायचं ते हेच: पाणी धरतं का, किती वेगानं आंबतं, आणि दळण किती बारीक आहे. कारण भरड कोंड्याचे कण आतड्याच्या अस्तराला घासून पाणी सोडायला लावतात, तोच कोंडा बारीक दळला तर मळ उलट घट्ट होऊ शकतो. जुने वैद्य कोष्ठ मृदू की क्रूर हे आधी विचारत, मग पथ्य सांगत. निदान क्रम तरी बरोबर होता.

'पण दोन रकाने लोकांना समजायला सोपे पडतात,' असं शेवटी सांगितलं जातं. सोपे आहेतच. जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी मात्र कर्बोदकांवरच्या १९९८ च्या अहवालातच सुचवलं होतं, की विद्राव्य-अविद्राव्य ही विभागणी हळूहळू सोडून द्यावी. ती विरघळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. शरीरात काय होतं ते तिच्यावरून ठरत नाही.

परवा वहिनींकडे पथ्य मोडून पिठलं-भाकरीचा बेत होता. बेसन, वर सढळ कांदा, लसणाची फोडणी, आणि ज्वारीची पातळ भाकरी. संध्याकाळी पोट फुगलं. फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे बेसन, कांदा आणि लसूण निर्दोष सुटले, आणि शिक्षा भाकरीला झाली.