रेघेपलीकडची मराठी वाहिनी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा त्याच्या लहरी सुरतेपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सुरतेत दूरदर्शन आलं ते दिल्लीची हिंदी आणि अहमदाबादची गुजराती घेऊन. भाषावार प्रांतरचनेची रेघ जमिनीवर होती तशी हवेतही होती. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून येऊन उधन्याला उतरलेला, लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये राबणारा खान्देशी माणूस त्या रेघेपलीकडे राहिला. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, पर्वत पाटिया या पट्ट्यात त्याची घरं वाढली. टीव्हीवरची मराठी मात्र गावाकडेच राहिली.

ती रेघ ओलांडली एका व्यापाऱ्याने. हिसारचे सुभाष चंद्रा तांदूळ निर्यात करत, टूथपेस्टच्या नळ्या बनवत. मुंबईत गोराईला त्यांनी एस्सेलवर्ल्ड उभारलं. खासगी प्रसारणाला देशात परवानगी नव्हती. म्हणून हाँगकाँगच्या स्टारमार्फत एशियासॅट-१ उपग्रहावर जागा भाड्याने घेऊन त्यांनी २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू केला. मुंबई दूरदर्शनला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. केबलवाल्यांसाठी कायदाही त्याच वर्षी झाला.

१५ ऑगस्ट १९९९ ला झीने अल्फा मराठी आणली. 'आभाळमाया' तिच्या सुरुवातीच्या मालिकांपैकी. २००५ मध्ये वाहिनीचं नाव झी मराठी झालं. उपग्रहाला महाराष्ट्राची हद्द ठाऊक नसते आणि केबलवाल्याला तिच्याशी देणंघेणं नसतं. गल्लीत पाटील, महाजन, सोनवणे किती, हा त्याचा हिशेब. त्या हिशेबाने पर्वत पाटियाच्या घरात जे आलं, ते कुठल्याच राज्य सरकारने दिलं नव्हतं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या घरातली मुलं गुजराती किंवा हिंदी शाळेत जातात, जिथे संध्याकाळी बाई साडीचे धागे कापत, लेस लावत जॉबवर्क उरकते, तिथे दोन-तीन तास सलग मराठी कानावर पडू लागली. हातातलं काम न थांबवता ऐकता येईल असंच मालिकेचं बोलणं असतं. २००४ पासून 'होम मिनिस्टर'च्या खेळात जिंकायची पैठणी या घरांच्याही ओळखीची झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड 'लिटिल चॅम्प्स' या गाण्याच्या स्पर्धेची विजेती ठरली, त्या पर्वात मुलांच्या तोंडून अभंग आणि नाट्यगीतं घराघरात पोहोचली. सुरतेत गुजराती किंवा हिंदी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाला ती तिथे कोण शिकवणार होतं?

मराठीबरोबरच झीने अल्फा गुजरातीही काढली होती. पुढे झी गुजराती झालेली ती वाहिनी २००९ मध्ये बंद पडली. गुजराती प्रेक्षक हिंदी मालिकांकडे वळला होता, आणि त्या मालिकांतली विराणींसारखी घरंच गुजराती होती. खान्देशी घर मात्र हिंदी मालिकेत कुठे दिसत नव्हतं.

मराठी मालिकेत तरी कुठे दिसलं? बरीच वर्षं तिथली भाषा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातली होती. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी आणली, 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापुरी, पुढच्या वर्षी 'लागिरं झालं जी'ने साताऱ्याकडची. खान्देशच्या अहिराणीला असा मान मिळालेला मला आठवत नाही. मालिका बघून प्रमाण मराठी बोलू लागलेली मुलं आजीची अहिराणी ऐकून हसतात, तेव्हा या वाहिनीच्या उपकाराची दुसरी बाजू दिसते. अहिराणी गाणी यूट्यूबवर आली, ती वाहिनीच्या दाराशी न थांबता.

२०१९ मध्ये ट्राय या नियामक संस्थेचे वाहिन्यांसाठीचे नवे दर लागू झाले आणि प्रेक्षकाला वाहिन्या नाव घेऊन निवडाव्या लागल्या. पॅकेजमधल्या वाहिनीला महिना जास्तीत जास्त १९ रुपये ही मर्यादा होती. तोवर स्टार प्रवाहसारखे तगडे स्पर्धकही उभे होते. सोनीशी ठरलेलं झीचं विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये मोडलं, तेव्हापासून प्रेक्षक कुठून मिळवायचा हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. अमळनेरहून उधन्याला उतरलेल्या, पर्वत पाटियात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची एक मालिका झी मराठीने अहिराणीत करावी. तिचा प्रेक्षक वर्षानुवर्षं पैसे भरतो आहे.