धावण्यातील ऊर्जाव्यय
धावताना खर्च होणारी ऊर्जा मुख्यतः शरीराचे वजन आणि कापलेले अंतर यांवर ठरते. वेगाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळच कमी. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले, की सपाट जमिनीवर दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी (व्यवहारातील ‘कॅलरी’) लागते. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीने ५ किमी अंतर ३० मिनिटांत कापले काय किंवा ४० मिनिटांत, खर्च सुमारे ३०० कॅलरीच. वेगाने वाढतो तो दर मिनिटाचा खर्च : पहिल्या वेळी १०, दुसऱ्या वेळी साडेसात.

चालण्याचे गणित निराळे. रमतगमत चालणाऱ्याला तेवढ्याच अंतरासाठी साधारण निम्मी ऊर्जा पुरते. मात्र ताशी ७–८ किमीपुढे चालण्यापेक्षा धावणेच स्वस्त पडते. वेगानुसार शरीराचे इंधनही बदलते : मंद व्यायामात त्यात चरबीचा वाटा मोठा असतो, तीव्र व्यायामात ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या कर्बोदकाचा).