रतनपूरचा अकीक : माळ खंबातची, दगड कुठला?



आपल्या कतारगामात दगड म्हटला की हिराच डोळ्यांपुढे येतो. गल्लोगल्ली घंट्या चालतात, पण त्यांवर घासला जाणारा कच्चा हिरा आफ्रिकेतून, रशियातून येतो. आपल्या शेजारच्या जमिनीतून निघून हजारो वर्षं जगभर गेलेला दगड वेगळाच आहे. तो म्हणजे अकीक. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो अंगठीत, माळेत, नाहीतर वैद्यांच्या खलाच्या रूपात असेल. तो कुठून आला, हे मात्र सहसा कुणी सांगू शकत नाही.

बँकेतल्या नोकरीची काही वर्षं मी अंकलेश्वर भागात काढली. त्या काळी अंकलेश्वरहून राजपिपळ्याला छोटी गाडी जायची. त्या वाटेवर झगडिया लागतं, आणि झगडिया तालुक्यातच रतनपूर. जुन्या राजपिपळा संस्थानातला हा मुलूख. सुट्टीच्या दिवशी तिथे जायचं आणि खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांतून, तिथल्या माणसांना विचारून, दगड वेचायचे, असा नाद मला लागला तो कायमचाच.

अकीक हा तसा आपल्या काळ्या पाषाणाचाच नातेवाईक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. आपल्या खानदेश-नाशिककडचा कातळ तोच. त्या कातळात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका थरावर थर साचत गेली. पुढे कातळ झिजला, पण या कठीण गाठी टिकल्या आणि वाहून येऊन गोट्यांच्या थरात गाडल्या गेल्या. रतनपूरचे खाणकरी हा थर गाठायला तीसेक फुटांपर्यंत अरुंद विहिरीसारखे खड्डे खणत आणि तळातून आडवी भुयारं काढत. पावसाळ्यात पाणी भरे, म्हणून काम कोरड्या दिवसांतलं.

ढिगाऱ्यातला अकीक बघून कुणी वाकणारही नाही. वरून खरबरीत, मळकट तपकिरी साल. ओळखायचा कसा? लोखंडी चाकूनं चरा पडत नाही. कड फुटलेली असेल तर उन्हाकडे धरा, आतून उजेड झिरपतो. मग लाल रंग कुठून आला? तो भट्टीतून. दगड आधी पुष्कळ दिवस उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. आतल्या लोहाचा रंग पालटतो आणि पिवळट-तपकिरी दगड तांबडा होतो. आच घाईनं वाढवली तर तडकतो. ही विद्या हडप्पा काळापासूनची आहे. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखाना सापडला, आणि इराकमधल्या उर इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातल्या थडग्यांत सिंधू संस्कृतीचे लांबट लाल मणी मिळाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरातून जाणाऱ्या मालात अकीक आहे.

रतनपूरजवळच्या टेकडीवर बावा घोरचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या संतानंच अकीकचा धंदा वाढवला अशी श्रद्धा आहे, आणि सिद्दी समाज त्याला आपला मूळपुरुष मानतो. पट्ट्यापट्ट्यांच्या एका अकीकला ‘बाबाघोरी’ हे नावही त्याच्यावरूनच. दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही येतात.

पण बाजारात नाव झालं ते खंबातचं. दगड रतनपूरचा, भाजणी बरीचशी जवळच्या लिमोदऱ्याची, घासाई आणि व्यापार खंबातचा. तयार मण्यावर खाणीची कुठलीच खूण उरत नाही. आणि घासणाऱ्याची तरी कुठे उरते? सराणेवर दगड घासला की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही, आणि पुष्कळदा तो क्षय समजून औषधं दिली जातात. अमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं खंबातच्या कारागिरांची तपासणी करून हा प्रश्न मांडला आहे. घरातच सराण, म्हणून घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्याही छातीत तीच धूळ. आपण माळ घासाघीस करून घेतो तेव्हा हा खर्च बिलात दिसत नाही.

म्हणून मी कच्चा दगड जपतो. माझ्याकडच्या प्रत्येक दगडावर छोटा नंबर आहे आणि वहीत त्याची नोंद : तारीख, जागा, कुणाच्या ढिगाऱ्यातला, भाजलेला की न भाजलेला. व्हाउचरशिवाय एंट्री नाही, ही बँकेची सवय इथे कामी आली. नोंद असलेला मळका दगड पुढच्या पिढीला काहीतरी सांगेल. नोंद नसेल तर घर आवरताना तो सरळ खडीत जाईल, आणि त्यात कुणाची चूकही नसेल.

तर मंडळी, आजीची माळ असेल, बाबांची अंगठी असेल, तर एक चिठ्ठी लिहून डबीत ठेवा : कुणी आणली, कुठून, साधारण कोणत्या साली. घरात ज्यांना हे आठवतंय ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. आणि भडोचकडे गेलात तर रतनपूरची वाट जरूर धरा.