जुन्या मोटारीची नवी प्रतिकृति : तिचा धूर आणि तिचें पाणी



इतिहास म्हटला म्हणजे गडकिल्ले, सनदा आणि तहनामे एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. पण यंत्रांनाही इतिहास असतो. आणि एखादें जुनें यंत्र आज पुन्हा जसेंच्या तसें घडवावें असें कोणीं मनांत आणलें, तर तो इतिहास नुसता वाचून भागत नाहीं, लोखंडांत उतरवावा लागतो. अशा एका यंत्राची हकीकत आज सांगावयाची आहे. हें यंत्र म्हणजे ए. सी. कोब्रा नांवाची मोटार. मूळ गाड्या निघाल्या सुमारें एक हजार; आणि तिच्या प्रतिकृति इंग्लंड, अमेरिका व दक्षिण आफ्रिका या देशांत तिच्या कित्येक पटींनीं झाल्या आहेत. कोणी कारखान्यांत करतात, कोणी घरामागच्या पडवींत सुटे भाग आणून जुळवितात. या हौशी लोकांपुढें दोन प्रश्न हटकून उभे राहतात. इंजिनाचा धूर कोणत्या वाटेनें बाहेर काढावयाचा, आणि इंजिन थंड कसें ठेवावयाचें? वरवर पाहतां हे लोहाराचे प्रश्न आहेत. पण त्यांचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

लंडनजवळ, सरे परगण्यांत, टेम्स डिटन या गांवीं ए. सी. नांवाचा एक जुना कारखाना होता. त्यानें १९५३ सालीं 'एस' नांवाची दोन आसनांची एक हलकी गाडी बाहेर आणली. जॉन टोजेरो यानें शर्यतीसाठीं केलेल्या गाडीवरून ती घेतलेली होती. तिचें सहा सिलिंडरांचें दोन लिटरचें इंजिन मुळांत १९१९ सालचें, म्हणजे गाडी तरुण आणि हृदय म्हातारें असा प्रकार. १९५६ पासून तींत ब्रिस्टल कंपनीचें इंजिन मिळूं लागलें. तेंही दोन लिटरचेंच. त्याचें मूळ युद्धापूर्वींच्या जर्मन बी. एम. डब्ल्यू. गाडींत. त्याची शक्ति सव्वाशें अश्वशक्तीच्या आसपास होती. १९६१ सालीं ब्रिस्टलनें हें इंजिन बंद केलें आणि ए. सी. कारखाना पेचांत पडला.

याच सुमारास अमेरिकेंत टेक्सासचा कॅरोल शेल्बी हा गृहस्थ मोकळा बसला होता. १९५९ सालीं रॉय साल्वाडोरी याच्याबरोबर त्यानें ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पण हृदयविकारामुळें त्याला शर्यतीं सोडाव्या लागल्या. त्यानें सप्टेंबर १९६१ मध्यें ए. सी. कारखान्यास पत्र लिहिलें, कीं तुमच्या गाडींत अमेरिकन इंजिन बसवूं द्याल काय? फोर्ड कंपनीनें तेव्हां नुकतेंच आठ सिलिंडरांचें, 'व्ही' या इंग्रजी अक्षराच्या आकाराचें एक आटोपशीर इंजिन काढलें होतें. फेब्रुवारी १९६२ मध्यें इंजिनावांचून एक गाडी लॉस एंजलीस येथें पोंचली, आणि अवघ्या कांहीं तासांत तींत फोर्डचें सव्वाचार लिटरचें इंजिन बसलें. पुढें तें पावणेपांच लिटरचें झालें, आणि १९६५ सालीं तर चॅसी नवी करून सात लिटरचें अजस्र इंजिन तींत घातलें गेलें.

इंजिन बसलें, परंतु इंजिनाबरोबर त्याची उष्णताही बसली. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ मानानें तिसरा हिस्साच काय तो चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. दुसरा तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो, आणि उरलेला बहुतेक सर्व पाण्यांतून रेडिएटरवाटे हवेंत सोडावा लागतो. सव्वाशें अश्वशक्तीच्या गाडीचें नाक आणि तिचें बॉनेट तीनशें-चारशें अश्वशक्तीच्या इंजिनास दिलें, तर ही वासलात लावावयाची कोठें? कोब्राच्या पुढच्या मडगार्डांवर, चाकांच्या मागें, ज्या खिडक्या दिसतात त्या नटव्या नव्हेत. रेडिएटरमधून आलेली तापलेली हवा बाहेर जावी म्हणून त्या आहेत. सात लिटरच्या गाडीचें तोंडही मोठें केलें गेलें, आणि शर्यतीच्या गाड्यांना मुख्य तोंडाखालीं आणखी एक लहान तोंड दिलें गेलें, तें तेल थंड करण्यासाठीं.

आतां धुराच्या नळ्यांकडे वळूं. कोब्रा म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें दाराखालून जाणाऱ्या दोन जाडजूड नळ्या येतात. चार सिलिंडरांच्या चार नळ्या मडगार्डाच्या पोटांतून बाहेर येतात, एकत्र मिळतात आणि मागच्या चाकापुढें संपतात. प्रतिकृति करणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ह्याच नळ्या हव्या असतात. पण सात लिटरची जी गाडी कारखाना रस्त्यासाठीं विके, तिच्या नळ्या सामान्यतः पोटाखालून मागें जात. बाजूच्या नळ्या शर्यतीच्या गाड्यांच्या. १९६५ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेसाठीं अशा शंभर गाड्या तयार हव्या होत्या. तपासणीच्या वेळीं निम्म्याच्या आसपासच झाल्या होत्या, म्हणून मान्यता हुकली. न खपलेल्या शर्यतीच्या गाड्यांपैकीं ३१ गाड्या किरकोळ फेरफार करून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांस विकण्यांत आल्या. आज जगभर जी कोब्रा नकलली जाते ती बहुतेक या एकतीस गाड्यांची छबी आहे. न विकल्या गेलेल्या मालाचें हें भाग्य पाहून मला तरी गंमत वाटते.

म्हणून प्रतिकृति करणाऱ्यानें पहिला विचार करावयाचा तो हा, कीं आपण नक्कल करतों ती कोणत्या गाडीची? शर्यतीच्या कीं रस्त्याच्या? कारण बाजूची नळी हें शर्यतीच्या प्रश्नाचें उत्तर होतें. नळी आंखूड झाली, धुराचा अडथळा कमी झाला, गाडीच्या पोटाखालची जागा मोकळी राहिली, बैठकीखालची जमीनही तापेनाशी झाली. शर्यतींत चालक एकदा बसला कीं तासन्‌तास उतरत नाहीं. रस्त्यावरच्या गाडींत मात्र माणसें दर घटकेस चढतात-उतरतात, आणि उतरतांना पोटरी त्या तापल्या नळीला लागते. तिकडचे मालक या चटक्याला सर्पदंश म्हणतात. गाडीचें नांव ध्यानांत घेतां तो शब्द समर्पकच आहे. लहान मुलांना या गाडींत बसविणाऱ्यानें नळीवर जाळीदार कवच बसविल्यावांचून राहूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे; मग शोभा थोडी उणावली तरी चालेल.

नळीची दुसरी बाजू ध्वनीची. या इंजिनाचे सिलिंडर एक, पांच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ या क्रमानें पेटतात. त्यांतले एक ते चार उजव्या रांगेंत, पांच ते आठ डाव्या रांगेंत. क्रम ताडून पाहिला तर ध्यानांत येईल, कीं चार आणि दोन हे एकाच रांगेंतले सिलिंडर लागोपाठ पेटतात, तसेच सात आणि आठ. म्हणजे सबंध इंजिन तालांत चालत असलें तरी प्रत्येक रांग अडखळत बोलते. पोटाखालच्या नळ्यांना मध्यें आडवी नळी घालून दोन्ही बाजू जोडतां येतात, आणि त्यामुळें आवाज व दाब दोन्ही कांहींसे सारखे होतात. बाजूच्या नळ्यांमध्यें सबंध गाडीची रुंदी असते, त्यांना जोडणार कसें? फोर्डच्या जी. टी. फोर्टी या शर्यतीच्या गाडींत इंजिन चालकाच्या मागें होतें. तेथें दोन्ही रांगांच्या नळ्या एकमेकींवरून ओलांडून नेल्या होत्या, आणि त्या गुंत्याला सापांची मोळी असें नांव पडलें होतें. कोब्राच्या बॉनेटखालीं त्या मोळीला जागा नाहीं. म्हणून कोब्राचा तो दोन बाजूंचा दुभंगलेला, गुरगुरणारा आवाज हा यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें दोषच. पण लोकांना आवडतो तो नेमका तोच.

शेजाऱ्यांना तो आवडतोच असें नाहीं. हा तंटा जुना आहे. टेम्स डिटनपासून फारशा दूर नसलेल्या ब्रुकलँड्स येथें १९०७ सालीं मोटारींच्या शर्यतींसाठीं कायमची फेरी बांधली गेली. आसपासच्या रहिवाशांनीं गोंगाटाबद्दल तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९२० नंतरच्या दशकांत तेथें धांवणाऱ्या प्रत्येक गाडीस डब्यासारखा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. याच ब्रुकलँड्सला १९८० नंतरच्या दशकांत ए. सी. नांवानें कोब्राच्या वळणाची गाडी पुन्हा तयार होऊं लागली, हा योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आज ब्रिटनमध्यें घरीं जुळविलेल्या गाडीची सरकारी तपासणी होते, आणि उभ्या गाडीचा आवाज ९९ डेसिबलच्या आंत असावा लागतो. बाजूच्या नळींत सायलेन्सरला जागा हातभर-दीड हातभर. तेव्हां कित्येक जण तपासणीपुरती आंत जास्तीची जाळी कोंबतात आणि दाखला मिळतांच काढून टाकतात. परीक्षेपुरतें पाठ करणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. ही जात सर्व देशांत एकच.

धुराच्या विषारीपणाचा प्रश्न आणखी निराळा. कॅलिफोर्नियांत असा कायदा आहे, कीं दरवर्षीं पहिल्या ५०० घरगुती गाड्यांना त्यांच्या रूपाच्या किंवा इंजिनाच्या सालाप्रमाणें धुराचे नियम लागावे. १९६५ च्या रूपाच्या गाडीस १९६५ चे नियम म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं. बाकीच्यांनीं मात्र नवें इंजिन घालावें, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा. हा कन्व्हर्टर काम करतांना स्वतः अतिशय तापतो; त्याला पोटाखालीं जागा करावयाची तर वरच्या जमिनीस उष्णतारोधक पत्रा हवा, हें आधींच योजावें लागतें.

येथें धूर आणि पाणी यांची गांठ पडते. बॉनेटखालीं धुराच्या नळ्या लालबुंद होऊं लागल्या, कीं रेडिएटरमधून आलेली हवा आणखी तापते, आणि चालकाच्या पायांशीं असलेली पेटी भट्टी बनते. मूळ कोब्रांचीही हीच ख्याति होती. प्रतिकृतीचें अंग बहुधा फायबरग्लासचें असल्यामुळें तेथें नळीभोवतीं पुरेसें अंतर सोडावें लागतें. इंजिन रबरावर हलतें, नळी त्याबरोबर हलते, आणि अंतर कमी पडलें तर अंगाला तडा जातो किंवा रंग करपतो. कांहीं जण नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात. उष्णता आंत कोंडली जाते खरी, पण साध्या पोलादाच्या नळ्या त्याखालीं ओल धरून लवकर खातात. सिरॅमिकचा लेप महाग पडतो; तरी त्याचा गुण अधिक टिकाऊ.

पाण्याच्या बाबतींत मुख्य भेद पुन्हा तोच, शर्यत कीं रस्ता. ताशीं शंभर मैलांनीं जाणाऱ्या गाडीला हवा आपोआप मिळते. चौकांत अडकलेल्या गाडीला पंख्यावांचून कोण देणार? म्हणून रस्त्याच्या प्रतिकृतींत विजेचा पंखा हवा, तो रेडिएटरच्या मागें हवा, आणि त्याभोवतीं पत्र्याचें कोंडाळें हवें. नाहींतर वाटोळा पंखा चौकोनी रेडिएटरच्या मधल्या भागांतूनच हवा ओढतो आणि चारी कोपरे फुकट जातात. गाडीच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंतही पत्र्याची वाट बंदिस्त करावी लागते. हवा ही पाण्यासारखीच सोपी वाट शोधते. फट दिसली कीं रेडिएटर टाळून निघून जाते. पुष्कळ लोक गाडी तापली कीं मोठा रेडिएटर आणावयास धांवतात. आधीं फटी बुजवाव्या, असें अनुभवी कारागीर सांगतात, आणि तेंच मला पटतें.

जुन्या रेडिएटरांत तांबें व पितळ असे. आतां बहुधा ॲल्युमिनियम. उष्णता वाहून नेण्यांत तांबें श्रेष्ठ खरें, परंतु ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करतां येतात आणि वजन पुष्कळ वांचतें. झांकणाचा दाबही महत्त्वाचा. महाबळेश्वरीं पाणी शंभर अंशांच्या आधींच उकळतें, कारण तेथें हवेचा दाब कमी. उलट दाब वाढविला तर उकळण्याचा अंश चढतो. चौरस इंचास एक पौंड दाब वाढला कीं सुमारें दीड अंश. पंधरा पौंडांचें झांकण बसविलें म्हणजे केवढी सवड मिळते याचा हिशेब श्रोत्यांनीं घरीं करावा. थर्मोस्टॅट काढून टाकला कीं इंजिन थंड राहील, ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्यानें थंडींत इंजिन तापण्यास वेळ लागतो आणि तें झिजतें.

कोब्राचें नाक ठेंगणें असल्यामुळें रेडिएटरचा माथा इंजिनाच्या माथ्याहून खालीं येतो. मग पाण्यांतली हवा इंजिनाच्या डोक्यांत अडकून बसते, आणि कांटा थंड दाखवीत असतांही आंत एखादा भाग भाजून निघतो. यासाठीं पाण्याची लहान टांकी सर्वांत उंच जागीं बसवितात, आणि पहिल्यानें पाणी भरतांना गाडीचें नाक चढावर ठेवतात, म्हणजे बुडबुडे वर येऊन निघून जातात. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबावयाचें, पाण्याची पातळी पुन्हा पाहावयाची, बॉनेट बंद करून अर्धा तास गाडी जागच्या जागीं चालू ठेवावयाची, आणि पंखा आपण होऊन लागतो व आपण होऊन थांबतो कीं नाहीं हें पाहावयाचें. शहाणे लोक एवढें झाल्यावरच रंगाऱ्याला बोलावितात.