मैत्री, हेसेद आणि प्रीती : एका शब्दाचा परतीचा प्रवास

ख्रिस्ती श्रद्धेत राहून बौद्धांची मैत्रीभावना करता येते काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात अनेक मठांत आणि साधनाकेंद्रांत विचारला गेला आहे. त्याची चर्चा बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने होते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात आधी दिसते ते एका शब्दाचे भाषांतर. इंग्रजीत या साधनेला 'लव्हिंगकाइंडनेस मेडिटेशन' म्हणतात, आणि ज्या शब्दाने ती आज जगभर ओळखली जाते तो शब्द मुळात बौद्ध नाही. तो बायबलातला आहे.

१५३५ साली माइल्स कव्हरडेल याने इंग्रजीतले पहिले संपूर्ण छापील बायबल प्रसिद्ध केले. त्याची मदार हिब्रू मूळ संहितेपेक्षा जर्मन आणि लॅटिन भाषांतरांवर अधिक होती. स्तोत्रांचे भाषांतर करताना देवाच्या एका विशिष्ट गुणासाठी त्याने 'लव्हिंग' आणि 'काइंडनेस' हे दोन शब्द जोडून वापरले. त्यामागचा हिब्रू शब्द 'हेसेद'. जुन्या करारात तो सुमारे अडीचशे वेळा येतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'एलेओस' म्हटले, लॅटिनमध्ये 'मिझेरिकॉर्डिया' झाले. मराठी बायबलातील १३६व्या स्तोत्रात प्रत्येक कडव्याअखेर जी 'दया' येते, तिच्या मुळाशीही हेसेदच आहे. परंतु दया हा शब्द येथे थोडा उणा पडतो. दया वरून खाली वाहते. हेसेदमध्ये बांधिलकी आहे. केलेल्या कराराला, जोडलेल्या नात्याला जागणे हा त्याचा गाभा. विधवा रूथ आपल्या सासूला सोडून जात नाही, ते हेसेद. योनाथान आणि दावीद यांच्या मैत्रीतली आणभाक, तेही हेसेद. मैत्रीचा धागा असा हिब्रूतही होताच.

कव्हरडेलची स्तोत्रे इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात कायम राहिली आणि शतकानुशतके गायली गेली. त्यामुळे 'लव्हिंगकाइंडनेस' हा शब्द उच्चारताच इंग्रजी कानाला देवाचा अढळ स्नेह ऐकू येई. पाली ग्रंथांच्या भाषांतरकारांनी 'मेत्ता' या शब्दासाठी प्रारंभी प्रेम, सौहार्द अशा अर्थाचे निरनिराळे इंग्रजी शब्द योजले होते. पुढे हाच जुना शब्द रूढ झाला. श्रीलंकेत भिक्षू झालेले इंग्रज विद्वान ञाणमोली यांनी १९५६ साली 'विसुद्धिमग्गा'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात मेत्तेसाठी हाच शब्द आहे. देवाच्या स्तुतीसाठी घडलेला शब्द अशा रीतीने देवाविना चालणाऱ्या एका साधनेचे नाव झाला. १९९५ साली शॅरन साल्झबर्ग यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत तो सर्वतोमुखी झाला. आज एखादा ख्रिस्ती माणूस ही साधना शिकायला जातो तेव्हा आपल्याच घरातला शब्द परक्या घरून परत आणत असतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊक नसते.

पण शब्द परत आला म्हणजे अर्थही परत आला असे नव्हे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त सांगितलेला क्रम पाहू. साधकाने प्रथम स्वतःचे कुशल चिंतावे. यात आत्मलाड नाही. जसा मी सुख इच्छितो व दुःखाला भितो तसेच इतरही, याची साक्ष आपल्यापाशी असावी एवढाच हेतू आहे. नंतर आदरणीय गुरुजन, मग अतिप्रिय व्यक्ती, मग जिच्याविषयी राग ना लोभ अशी व्यक्ती, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी मन अडले तर राग शमविण्याचे अनेक उपाय बुद्धघोष एकामागून एक देतो. मानसशास्त्राचा इतका बारकावा त्या काळातील फार थोड्या ग्रंथांत आढळेल. मेत्तेचा दूरचा शत्रू द्वेष, पण जवळचा शत्रू आसक्ती, कारण ती मेत्तेसारखीच दिसते, हे निरीक्षणही त्याचेच.

या क्रमाच्या शेवटी 'सीमासंभेद', म्हणजे आप-परांच्या सीमा मोडणे, ही अवस्था येते. ती समजावण्यासाठी बुद्धघोष एक प्रसंग कल्पितो. साधक, त्याचा प्रियजन, एक उदासीन माणूस आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एक जण मागतात. साधकाने 'अमक्याला न्या' असे मनात आणले तर त्याच्या सीमा मोडल्या नाहीत, हे उघड आहे. पण 'मला न्या, या तिघांना सोडा' असे वाटले तरीही त्या मोडल्या नाहीत! कारण त्याने एकाचे अहित आणि तिघांचे हित इच्छिले, आणि तो एक स्वतःच असला म्हणून भेद नाहीसा होत नाही. चौघांपैकी कोणालाच देण्याजोगे तो पाहत नाही, तेव्हाच सीमा मोडल्या.

ख्रिस्ती वाचक येथे थबकतो. योहानाच्या शुभवर्तमानात मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही असे येशू सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर जातो. 'मला न्या' हा ज्या श्रद्धेचा केंद्रबिंदू आहे, तिला बुद्धघोष 'अजून पोहोचला नाहीस' असे म्हणतो की काय? मला वाटते, या विषयातला खरा पेच हा आहे.

हा पेच घाईने सोडवू नये. बौद्ध परंपरेत आत्मसमर्पण नाही, असे म्हणणे सरळसरळ चूक ठरेल. जातककथांतला बोधिसत्त्व वारंवार देह देतो, आणि मेत्तसुत्तातला प्रसिद्ध दृष्टांत जिवापाड मूल जपणाऱ्या आईचाच आहे. बुद्धघोषाचा प्रश्न कृतीविषयी नाही, चित्ताच्या समतेविषयी आहे. शुभवर्तमानाचा प्रश्न नात्याविषयी आहे : कोण कोणासाठी काय देतो? मेत्ता ही भावना, म्हणजे जोपासून वाढवायची गोष्ट आहे. मराठी बायबल जिला 'प्रीती' म्हणते ती आधी मिळते, मग दिली जाते. योहानाच्या पहिल्या पत्राचा आशय हाच आहे की देवाने प्रथम प्रीती केली म्हणून आपण करतो. एकीकडे प्रारंभ साधकाच्या यत्नात, दुसरीकडे देवाच्या कृपेत.

अर्थात ख्रिस्ती परंपरेतही अंतःकरण विस्तारण्याची साधना होती. सातव्या शतकात निनवेचा इसहाक हा सिरियाक भाषेत लिहिणारा संन्यासी होऊन गेला. तो मूळचा आजच्या कतारच्या परिसरातला. निनवेचे बिशपपद त्याने थोड्याच महिन्यांत सोडले आणि एकांत पत्करला. करुणेने जळणाऱ्या हृदयाचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. ते हृदय माणसांसाठी, पशुपक्ष्यांसाठी, सरपटणाऱ्या जिवांसाठी, सत्याच्या वैऱ्यांसाठी, इतकेच नव्हे तर सैतानांसाठीही अश्रू ढाळते. व्याप्ती पाहिली तर मेत्तेहून ती तसूभरही कमी नाही. भेद एवढाच की इसहाकाचे अश्रू प्रार्थना होऊन देवाकडे वळतात. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याचे नाव रोमन चर्चच्या संतनामावलीत घेतले.

आपल्याकडे या प्रश्नाला एक जवळचा इतिहास आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण नाकारत नाही, असे घोषित केले. १९६९ साली सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पुढे इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या त्या शिबिराच्या अखेरीस 'मंगल मैत्री' असते. ख्रिस्ती धर्मगुरू आणि जोगिणीही या शिबिरांना जाऊ लागल्या. त्याच काळात मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यास साधना संस्था चालविली. १९७८च्या त्यांच्या 'साधना' या इंग्रजी पुस्तकात श्वास व शरीरसंवेदना यांपासून आरंभ करून वाचक भक्तीच्या प्रार्थनेपर्यंत नेला जातो. डिमेलो १९८७ साली वारले. १९९८ साली रोमने त्यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. पौर्वात्य ज्ञानातले काही ग्राह्य अंश त्यात आहेत हे मान्य करूनही, ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून उत्तरोत्तर दूर जाते असा आक्षेप त्यात होता. त्याआधी १९८९च्या पत्रातही रोमने बजावले होते की शरीराच्या स्वस्थतेतून येणारे सुख म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये.

या इशाऱ्यांत केवळ संकुचितपणा पाहणे मला योग्य वाटत नाही. आसक्ती मेत्तेचे रूप घेते हे बुद्धघोष सांगतो. सुखद संवेदना कृपेचे रूप घेते हे रोम सांगते. दोघांनाही नकलेचे भय आहे. श्रीलंकेतील जेझुइट अभ्यासक अॅलॉयशियस पिएरिस यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात प्रज्ञा आणि प्रीती यांना परस्परांची गरज आहे अशी भूमिका मांडली. प्रज्ञेवाचून प्रीती आंधळी होते आणि प्रीतीवाचून प्रज्ञा कोरडी, असा तिचा अर्थ मी घेतो.

मराठी वाचकाला या वादात एक सोय आहे. आपल्याला बायबलातून शब्द उसना घ्यावा लागला नाही. मैत्री हा शब्द पातंजल योगसूत्रांतही आहे, बौद्ध परंपरेतही आहे, आणि पसायदानातही भूतमात्रांसाठी 'मैत्र' मागितले आहे. मागितले आहे, हे महत्त्वाचे. ज्ञानदेव मैत्रीची जोपासना शिकवीत नाहीत, विश्वात्मक देवापाशी तिचे दान मागतात. शिवाय दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा असे म्हणतात. भावनेचा विस्तार मेत्तेसारखा आणि रूप प्रार्थनेचे, असा हा तिसरा घाट आपल्या कानांवर शाळेपासून आहे.

म्हणून ख्रिस्ती साधकाने मैत्रीभावना करू नये असे मला वाटत नाही. शत्रूवर प्रीती करा, ही येशूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, पण ती पाळण्याची पायरीपायरीची रीत तेथे नाही. ती रीत बुद्धघोषापाशी आहे. ती घ्यावी, आणि कोणाची घेतली हे कृतज्ञतेने सांगावे. मात्र दरोडेखोरांच्या प्रसंगापाशी आल्यावर दोन्ही वाटा एकच आहेत असे म्हणू नये. तेथे एका वाटेवर कोणालाच न देणारे समचित्त उभे आहे आणि दुसरीवर स्वतःला देणारा माणूस. भाषांतराने दोघांना एकच नाव दिले, म्हणून त्यांच्यातला फरक पुसला जात नाही. तो ज्याला दिसतो, त्याच्याच साधनेत दोन्ही परंपरांविषयीची मैत्री खरी असण्याचा संभव अधिक.