आपल्या सगळ्यांचा एक जून

स्नेहमेळाव्यासाठी जन्मतारखांची यादी केली, तेव्हा आपल्या वर्गातले निम्म्याहून अधिक जण १ जूनचे निघाले. सगळे हसले. गुरुजी मात्र म्हणाले, "हसता काय? ती तारीख आम्हीच घातली!"

हिशेब साधा होता. शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची. मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की सहा पुरी. चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे १ जून लिहायचं.

गावची जन्म-मृत्यूची नोंद तेव्हा कोतवाल बुकात व्हायची. तिथंही बऱ्याचदा बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असे, कारण बारसं व्हायचं असे. डोंगरातल्या वाड्यापाड्यांची नोंद तर कित्येकदा राहूनच जाई. जन्मनोंदणीचा देशभराचा कायदा झाला तो १९६९ साली.

मग आपली माणसं वय कसं सांगत? घडलेल्या गोष्टीवरून. माझी आजी वडिलांबद्दल सांगायची, "भाईंना सिद्धगडावर मारलं, त्याच्या मागून जी म्हसेची जत्रा आली, त्या पुनवेला तुझा बापूस झाला."

भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. शिकून वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. शाळेत असताना आपण हे पाठ केलं, पण वय कधी मोजलं नाही. आता मोजू. १ डिसेंबर १९४२ पर्यंत तीस वर्षं, म्हणजे १०,९५० दिवस. मधे २९ फेब्रुवारी सात वेळा आली, ते सात. पुढचे ३२ दिवस. एकूण १०,९८९. सातानं भागलं तर बाकी सहा उरते. जन्म रविवारचा, म्हणून मृत्यूचा वार शनिवार. वय अवघं तीस वर्षं, एक महिना, एक दिवस. आज आपली मुलंसुद्धा त्याहून मोठी आहेत.

आता आजीचा हिशेब. म्हसेची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. २ जानेवारीला मार्गशीर्षाचा वद्य पक्ष चालू होता. त्यानंतरची पौष पौर्णिमा २१ जानेवारी १९४३, गुरुवार. आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिनं सांगितलेल्या खुणेवरून तारीखही निघाली आणि वारही.

शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांची तारीख १ जून १९४२ आहे. १९४८ साली नाव घातलं तेव्हा ते साडेपाच वर्षांचेही नव्हते, पण अंगानं थोराड. कान हाताला लागला आणि वय सात महिने वीस दिवसांनी वाढलं.

पुढे ते शिपाई म्हणून लागले. साठाव्या वर्षी निवृत्ती. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे २००२ ला नारळ मिळाला. खऱ्या तारखेनं ३१ जानेवारी २००३ पर्यंत नोकरी होती. आठ महिन्यांचा पगार गेला, आणि तेव्हा धाकट्या बहिणीचं डी.एड. चालू होतं. सेवापुस्तकातली तारीख निवृत्तीच्या तोंडावर बदलून मिळत नाही. वडील एवढंच म्हणाले, "मास्तरांनी कान धरायला लावला नसता, तर शाळा तरी कुठं मिळाली असती?"

खरं आहे ते. त्या १ जूननं आपल्याला शाळेत आणलं, म्हणून गुरुजींबद्दल तक्रार नाही. पण आपल्यातल्या ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांनी घरी गेल्यावर एकदा विचारावं, "मी झालो तेव्हा काय चाललं होतं?" दुष्काळ, पूर, जत्रा, लग्न, जे सांगतील ते लिहून ठेवा. तारीख नंतर काढता येते. सांगणारं माणूस गेलं की मग हाती १ जूनच उरतो.